देशीचं दुकान

६ जानेवारी २०२५
सिद्धेश्वर रोड, ता. औंढा, जि. हिंगोली

भिवा,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर पाहून तू मला ओळखलंच असशील. तरीबी फोडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. फोन तर तू उचलत न्हाईस. ऐश्वर्याच्या फोनवरून लावला तर भाचीशी बराबर बोलतोस, आन् मी मधी तोंड घातलं की तुमच्या वाळूजचं नेटवर्क जातं. दहा वर्षं झाली, जाऊनच राहिलं. म्हणून लेकीला म्हणलं, तुझ्या मामाच्या सुरजकडून पत्ता घे. ती म्हणली, आई, आता पत्र कोण लिहितं. म्हणलं, ज्याचा फोन कुणी उचलत न्हाई ते लिहितं.

भांडायला लिहीत न्हाई. एक गंमत झाली, ती तुला सोडून कुणाला सांगावी ते कळंना.

आमच्या रमाई बचत गटानं तीन तारखेला, सावित्रीमाईच्या जयंतीला, रोडवर दुकान घातलं. आमी अकरा बाया हाव. दुकानात आपल्या भागात तयार झालेलाच माल ठेवायचा, बाहेरचा न्हाई. मेणबत्त्या, अगरबत्त्या, पापड, झाडायचे शिंदीचे फडे, गोधड्या, शाळेचे गणवेश, आन् वसमतहून आणून इथं दळलेली हळद. हे खूळ कुठून आलं म्हणशील, तर मेणबत्तीतून आलं. मला वाचायची खोड. चिवड्याच्या पुडीचा कागदसुदिक मी वाचल्याबिगर टाकत न्हाई. तर मागच्याच्या मागच्या सहा डिसेंबरला विहारात मेणबत्त्याचं पाकीट फोडलं आन् मागं बारीक अक्षरात पाहिलं, तर भलत्याच देशाचं नाव. बाबासाहेबांपुढं लावायची मेणबत्ती समुद्रावरून येऊन राहिली, आन् विहाराच्या पायरीवर आमी अकरा जणी कापूस वेचणी संपली म्हणून हात बांधून बसलेलो. मी आमच्यातल्या, तांड्यावरच्या गोजरबाईला इचारलं, मेणबत्ती करायला लागतं काय गं? ती म्हणली, मेण आन् बत्ती. मंग हिंगोलीला प्रशिक्षणाला गेलो, शिकलो, सहा महिने हात भाजून घेतले.

आता गंमत ऐक. पाटी रंगवायला ओमप्रकाश पेंटरला सांगितलं. 'देशी वस्तू भांडार' असं लिही म्हणलं. मी अंगणवाडीत होते, त्यानं सकाळी येऊन काम उरकून टाकलं. हात सवयीवर गेला बिचाऱ्याचा. 'देशी' हे एवढं मोठं, लाल रंगात, लांबून दिसावं असं. आन् 'वस्तू भांडार' उरलेल्या जाग्यात, मुंगीएवढं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता निता दुकान उघडून राहिली तर बाहेर चार माणसं उभी. ही गावातली नवी सून, तिला काय माहीत. एक जण खाली मान घालून म्हणला, बाई, संत्रा हाय का? ती म्हणली, काका, आमी फळं ठेवत न्हाई, पापड देऊ का? ते म्हणले, पापड नंतर घेऊ.

मी येऊन पाहिलं तर त्यातला एक मला पाहून म्हणतो, आक्का, तुमीच बंद केली आन् तुमीच चालू केली, तुमच्या मनाचा काय ठाव लागत न्हाई. सगळा रोड हसला. मलाबी हसू आलं, पण घरी आल्यावर आलं.

खोली अमरसिंगच्या जाग्यातली हाय. बरी हाय, रोडला लागून हाय.

दोन ओळी लिहिल्यास तर बरं वाटंल.

तुझी आक्का,
चांगुणा

२ फेब्रुवारी २०२५

भिवा,

उत्तर न्हाई आलं. पण पत्र पोचलं हे मला कळलं. सुरज ऐश्वर्याला म्हणला, बाबा ते पत्र खिशात घालून ड्युटीला गेले. मंग मी दुसरं लिहायला बसले. खिसा काय एका पत्रानं भरत न्हाई.

पाटीचं पुढं काय झालं सांगते. ओमप्रकाशला बोलवून घेतलं. तो म्हणला, आक्का, मी चुकलो खरा, पण तुमचा शब्दच असा. तुमी मला एक सांगा, देशी म्हणजे कुठपर्यंतचं? हा रंग मुंबईचा. ब्रश कुठला देव जाणे. पाटीचा पत्रा कुठला त्याला माहीत. हात तेवढा हिंगोलीचा. मंग ही पाटी देशी का परदेशी?

भिवा, त्या माणसानं माझी झोप उडवली. मी गोजरबाईला धरून बसले. मेणबत्ती आपली म्हणतो, तर मेण कुठून येतं? नांदेडच्या होलसेलवाल्याकडून. त्याच्याकडं कुठून? गुजरातमधून. गुजरातमधी कुठून? तेल शुद्ध करायच्या कारखान्यातून. आन् ते तेल? जहाजातून. म्हणजे फिरून समुद्रच आला. वात तेवढी परभणीच्या सुताची. गोजरबाईनं कपाळाला हात लावला. म्हणली, तू असंच इचारत बसलीस तर या दुकानात एक माझा फडाच ऱ्हाईल, बाकी समदा माल परदेशी निघंल.

मंग आमी एक नियम काढला. माल कुठून आला ते इचारत बसायचं न्हाई, हात कुणाचा लागला ते इचारायचं. ज्या वस्तूवर आपल्याला माणसाचं नाव लिहिता येतं, ती आपली. आता प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधून राहिलो. 'हा फडा गोजरबाईनं बांधला, तांडा.' 'हा गणवेश नितानं शिवला.' गोजरबाईचं वय साठ, चाळीस वर्षं फडे बांधले, स्वतःचं नाव कशावर लिहिलेलं कधी पाहिलं न्हाई. मला म्हणली, वाचून दाखव. मी वाचलं. म्हणली, अजून एकदा. परवा वसमतचा एक माणूस धरण पाहायला आलता, त्यानं गाडी थांबवून 'गोजरबाईचा फडा' मागितला. ती आत चिंध्या निवडत होती, बाहेर आली न्हाई. लाजली.

लोक म्हणतात तुमचं महाग. मी म्हणते, व्हय, महाग हाय, बाहेरची मेणबत्ती स्वस्त हाय. पण ती कुणी केली ते सांगा, मी तुमचे पैसे वापस देते. कुणाला सांगता येत न्हाई. काही जण तरीबी बाहेरची घेतात. काही जण हसून आमची घेतात.

तुला एक इचारू? तुमच्या कंपनीत काय बनतं? सुरज म्हणतो गाडीचे पार्ट. कोणता पार्ट? गेटवर उभ्या राहणाऱ्याला आत काय बनतं ते दाखवतात का? मला खरंच जाणून घ्यायचं हाय.

पाटी अजून तशीच हाय. ओमप्रकाश लग्नसराईत अडकला. रोज एक-दोन जण येऊन संत्रा इचारून जातातच.

भिवा, मला माझा भाऊ पाहिजे. दुकानाचं सगळं त्याच्यासाठीच लिहून राहिले, हे तुलाबी कळत असंल.

आक्का

१० मार्च २०२५

भिवा,

आज हसवायला काही न्हाई.

आठ तारखेला महिला ग्रामसभा झाली. मला बोलायला उभं केलं. मी चांगलं बोलले, कुणालाबी इचार. म्हणलं, बायांनो, बाजारात गेलात की वस्तू उलटी करून पाहा, कुठं बनली ते वाचा. आपल्या शेजारणीच्या हातची वस्तू मिळत असंल तर ती आधी घ्या. कारण तिच्या हाताला काम असंल तर ती गाव सोडून जाणार न्हाई, तिचं लेकरू शाळा सोडणार न्हाई. आपल्या माणसाचं काम आपणच टिकवायचं असतं. टाळ्या पडल्या.

मंग भिकाबाई उठली. तुला आठवते ना, विहाराच्या मागं राहते, आता कमरेतून वाकली. तिला भांडायचं न्हवतं, खरंच इचारायचं होतं म्हणून तर जास्त लागलं. म्हणली, चांगुणा, त्या दारूच्या दुकानातबी आपलंच लेकरू कामाला होतं. मतदान घेऊन आडवी बाटली केली, दुकान बंद पाडलं, तवा तू पुढं होतीस, आमी तुझ्या मागं होतो. तवा त्या लेकराच्या कामाचं आपण काय केलं?

मी म्हणले, दारूचं काम हे काम न्हवं. पुन्हा टाळ्या पडल्या. पण भिकाबाई बसता बसता म्हणली, काम न्हवतं तर न्हवतं, पण त्याला एकदा इचारायचं तरी.

घरी आले. भाकर केली आन् तशीच झाकून ठेवली.

भिवा, मी तुला इचारलं न्हवतं. मतदानाच्या आधी महिनाभर मी आख्ख्या गावात दारोदार फिरले. तुझ्या दारावरून दोनदा गेले. वहिनी पाणी घेऊन बाहेर आली, मी तिथं प्याले न्हाई. तुझे दाजी जाऊन तवा वर्षबी झालं न्हवतं. कावीळ होऊन डोळे पिवळे झालेले मी पाहिले होते, आन् मला एकच दिसत होतं की ती बाटली माझ्या भावाच्या हातातून गेली. ते स्वतः म्हणायचे, कुठं गेलता इचारलं की, 'तुझ्या भावाकडं.' मी बाटली आडवी केली ती गावासाठी केली असं सगळीकडं सांगते. तुझ्यासाठी केली होती. तुला लागावं म्हणून केली होती.

आन् अजून एक लपवलं. अमरसिंगची खोली म्हणजे ती तुझीच खोली हाय. ते दुकान बंद झाल्यापासून कुणी भाड्यानं घेतली न्हाई, म्हणून आमाला मिळाली. जिथून तू बाटली द्यायचास त्या जाळीच्या खिडकीतून आता आमी मेणबत्त्या देतो. तुझ्या स्टुलावर मी बसते. तिथून माणसाचं तोंड पूर्ण दिसत न्हाई रे. जाळीतून फक्त हात दिसतात आन् हनुवटी. सात वर्षं तू हात पाहून माणसं ओळखत असशील. मला आठच दिवसात ओळखू यायला लागले.

आक्का

२७ मार्च २०२५

भिवा,

घाईनं लिहून राहिले. एक सापडलं हाय, त्याचा अर्थ तूच सांग.

उन्हाळ्याच्या आधी खोलीला चुना द्यायचा म्हणून आमी सामान बाहेर काढलं. स्टुलाच्या मागं ती जुनी लाकडी मांडणी भिंतीला टेकवलेली, सरकवता येईल अशी. ती काढली. मागं भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं. अक्षर तुझं. तुझं अक्षर मी ओळखणार न्हाई तर कोण, पाटीवर 'ग म भ न' मीच गिरवून घेतलंय.

स्टुलावर बसून हात पोचंल एवढ्या उंचीवर, एकाखाली एक नावं हायेत. निताला फोटो काढायला लावला, पण मी इथं उतरून देते.

दाजी – न्हाई.
नरसिंग – एक. शनिवारी न्हाई.
प्रेमदास – दोन. सकाळी न्हाई.
भिकाबाईचा नातू – मार्चभर न्हाई, परीक्षा.
पेमाचा नवरा – जेवायच्या आधी न्हाई.

अशी सतरा नावं. काही खोडलेली. हे काय हाय? निता म्हणते उधारीचं असंल. पण उधारीत परीक्षा कशाला येईल? मी दोन दिवस त्या भिंतीपुढं बसून राहिले. चुना आणून ठेवलाय, देऊ दिला न्हाई.

आन् पहिल्या ओळीचं काय? 'दाजी – न्हाई' म्हणजे दाजीला द्यायची न्हाई असं, का दाजी आता न्हाईत असं? दोन्ही होतं त्यातून. ते गेल्यावर लिहिलंस का आधी लिहिलंस? गोजरबाईच्या नवऱ्याला, नरसिंगला इचारावं तर दोघं लेकीच्या बाळंतपणाला सेनगावकडं गेलेत. येईपर्यंत मला दम न्हाई. पोस्टकार्ड टाक, एक शब्द लिही. आधी का नंतर.

आक्का

१७ एप्रिल २०२५

भिवा,

तुझा शब्द आला न्हाई, पण गोजरबाई आली.

आधी जयंतीचं सांगते, न्हाईतर ऱ्हाऊन जाईल. विहारात यंदा सगळ्या मेणबत्त्या आमच्या. दोनशे. सकाळी मूर्तीपुढं मांडल्या, बारा वाजता एप्रिलच्या उन्हानं एकेक वाकायला लागली. मेण कडक करायची पावडर कमी पडली होती. वंदना चालू झाली तवा सगळ्याच्या सगळ्या मेणबत्त्या कमरेतून वाकून बुद्धापुढं माथा टेकवून राहिलेल्या. भंतेजींना हसू दाबता येईना. भिकाबाई म्हणली, बाहेरच्या मेणबत्त्या ताठ उभ्या राहायच्या, ह्या आपल्या, ह्यांना रीत कळते. आता पावडर वाढवली.

आता ते.

गोजरबाईला मी भिंतीपुढं आणलं आन् वाचून दाखवलं. 'नरसिंग – एक. शनिवारी न्हाई.' ती म्हणली, हे मी सांगितलं होतं. शनिवारी नरसिंगला मजुरी मिळायची, तो सगळी इथं आणायचा. मी दुपारी मागच्या दारानं येऊन भिवाला म्हणलं, बाबा, त्याची दारू काय सुटणार न्हाई, पण शनिवारी देऊ नको, मला बाजार करू दे. तुझा भाऊ बाटल्या मांडत ऱ्हायला. पण त्या शनिवारपासून नरसिंग घरी पैसे घेऊन आला. शिव्या देत आला, पण आला.

मी म्हणलं, तू मला कधी सांगितलं न्हाईस. ती म्हणली, तू तवा इचारत न्हवतीस गं, तू सांगत होतीस.

मंग प्रेमदासची बायको आली, पेमा आली, बाकीच्या सगळ्या येऊन वाचून गेल्या. प्रत्येकीनं आपापली ओळ ओळखली. कुणी मागच्या दारानं आली होती, कुणी वहिनीकडं निरोप दिला होता. मालकाला कळलं असतं तर तुझं काम तवाच गेलं असतं. गावातल्या सोळा घरांना माहीत होतं. एका घराला न्हवतं.

नरसिंगला मी समोर बसवून इचारलं, माझे मालक कुठं प्यायचे? तो इकडं तिकडं पाहायला लागला. म्हणलं, आता माणूस जाऊन अकरा वर्षं झाली, बोल. म्हणला, आक्का, भिवा त्यांला देत न्हवता. हात जोडले तरी देत न्हवता. ते सायकलवर औंढ्याच्या रोडला जायचे. घरी तुमाला 'भावाकडं' सांगायचे, कारण मंग तुमी भावाशी भांडायच्या आन् त्यांना काही बोलायच्या न्हाई.

भिवा, मी अंगणवाडीत लेकरू रडलं की आधी इचारते, काय झालं. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचते. मेण कोणत्या समुद्रातून आलं ते शोधते. आन् माझ्या सख्ख्या भावाला एवढं इचारलं न्हाई की तू तुझ्या दाजीला देतोस का. मी नवऱ्याचा शब्द धरला आन् तुझ्या दारचं पाणी नाकारलं. तुझं काम घालवलं, गाव सोडायला लावलं, आन् दहा वर्षं लोकांना सांगितलं की भाऊच तसा.

मी चुकले. हे जयंतीच्या सभेत उठून भिकाबाईला पण सांगितलं, फक्त तुला गुपचूप लिहून मोकळी झाले असं न्हाई. दुकान बंद झालं त्याचं मला आजबी वाईट वाटत न्हाई, ते सरळ सांगते. पण तुला इचारल्याबिगर केलं, त्याचं वाटतं. फार वाटतं.

तू ये. न्हाईतर मला बोलव, मी येते. मला वाळूजला यायची गाडी कळते.

आक्का

२७ एप्रिल २०२५
वाळूज

आक्का,

जयभीम. सगळी पत्रं मिळाली. मला लिहायची सवय ऱ्हायली न्हाई, चूक झाली तर समजून घे.

तू इचारलं आधी का नंतर. आधी. पण तू समजलीस तसं न्हाई. म्हणून लिहून राहिलो, न्हाईतर तू मला चांगलं म्हणत बसशील, ते मला सहन व्हायचं न्हाई.

दुकान लागलं तवापासून चार वर्षं मी दाजीला देत होतो. मीच. पहिल्या दिवशी ते लाजत आले, म्हणले, मेव्हणा दुकानावर बसला, आता चव पाहायला पाहिजे. आमी दोघं हसलो. त्यांनी त्याच्या आधी कधी घेतली होती का, मला माहीत न्हाई. मी जी दिली ती पहिली होती असं मला वाटतं.

मंग एकदा ते ऐश्वर्याला सायकलच्या दांडीवर बसवून आले. लेकरू तिथंच झोपलेलं, मान एका बाजूला पडलेली. त्यांनी जाळीतून हात आत घातला. मी त्या दिवशीबी दिली. ते गेल्यावर मांडणीमागं त्यांचं नाव लिहिलं आन् पुढं न्हाई लिहिलं. त्या दिवसापासून दिली न्हाई, हे नरसिंग खरं बोलला. पण तवर ते औंढ्याच्या रोडला जायला शिकले होते. बाकीची नावं त्याच्या खाली आली. बाया यायला लागल्या त्या नंतरच्या.

तू बाटली आडवी केलीस तवा मी गावात बोंब मारली की बहिणीनं पोटावर पाय दिला. ते सोपं होतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालतं. त्या देशीत आपल्या गावचं काय होतं? बाटली लांबच्या कारखान्यातली, मालक बाहेरचा, पिणारा तेवढा आपला. आन् देणारा.

फोन मी रागानं उचलत न्हवतो असं तुला वाटतं. राग कशाचा. तू हॅलो म्हणलीस की मला वाटायचं, आता इचारंल. इचारलं असतंस तर सांगावं लागलं असतं.

इथं कंपनीत गाडीचा ब्रेक बनतो. दाखवलं मला एकदा, आत नेऊन.

भिवाजी

४ मे २०२५

भिवा,

वाचलं. मंग अंगणवाडीला गेले, लेकरांना खिचडी वाढली, घरी येऊन पुन्हा वाचलं. चार दिवस झाले, रोज वाचून राहिले.

मला राग आला. तुझ्यापासून लपवत न्हाई. आधीचा जो राग होता तो खोट्या गोष्टीचा होता, त्याची मी तुझ्याकडं माफीबी मागितली. हा खऱ्या गोष्टीचा हाय, म्हणून जड हाय. पहिल्या दिवशी तुमी दोघं हसलात हे वाचलं तवा मी कागद खाली ठेवला. दांडीवरची मान तर मला दिसतच ऱ्हाते. ऐश्वर्याला मी पत्र दाखवलं न्हाई. तिला सांगायचं का, कसं सांगायचं, हे तू आन् मी मिळून ठरवू. मी एकटी ठरवणार न्हाई. एकटीनं ठरवायची माझी हौस फिटली.

पण एक इचार मी सारखा करून राहिले. हे तुला लिहायची काय गरज होती? मी तुला चांगलं म्हणून मोकळी झाले होते, गावानं तुला चांगलं म्हणलं होतं, सोळा बायांनी भिंतीपुढं हात जोडले होते. तू गप बसला असतास तर मरेपर्यंत चांगला ऱ्हायला असतास. दुसऱ्या कुणाकडून मला हे कळलं असतं तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं. तू स्वतः सांगितलंस. मला दहा वर्षांत खरं सांगणारा तू एकटाच निघालास, आन् मी इचारलेलं न्हवतं तेबी सांगितलंस.

मी अजून रागात हाय. किती दिवस ऱ्हाईल ते मला माहीत न्हाई, वर्षभरबी ऱ्हाईल. तू तो जायची वाट बघत तिकडं बसू नको. मी रागात असतानाच ये. भाकर वाढीन, बोलीन का न्हाई ते सांगत न्हाई, पण तुझ्या समोर बसून जेवीन.

तुझी आक्का,
चांगुणा